मागोमाग काढलेला केर

नेकनूरच्या आश्रुबाकडे कुणी जळालेली मोटार आणली आणि त्याने ती नवी तार भरून द्यायला नाही म्हटलं, असं चाळीस वर्षांत घडलं नव्हतं. विहिरीवरची असो, पिठाच्या गिरणीची असो, नाहीतर मंडपवाल्याच्या कुलरची असो, ती त्याच्या दुकानाच्या ओट्यावर येऊन पडायची आणि चार-आठ दिवसांत गुरगुरत परत जायची. त्यामुळे मांजरसुंब्याच्या हॉटेलचा मॅनेजर परमेश्वर एक भलतंच मशीन जीपमध्ये घालून आला, तेव्हा आश्रुबाने आधी हो म्हटलं आणि मग ते काय आहे ते विचारलं.

हॉटेल सुंदररावांचं. सुंदरराव म्हणजे भागातलं बडं प्रस्थ. हायवेला हॉटेल, हॉटेलमागे लग्नाचा हॉल, आणि आता त्याच्याही मागे एकही खिडकी नसलेली एक लांबलचक खोली. तिच्यात बोलिंग. म्हणजे गुळगुळीत लाकडी लेनवरून जड गोळा सोडायचा आणि साठ फुटांवर उभ्या केलेल्या दहा पिना पाडायच्या. पुण्याकडचा एक जुना क्लब मोडीत निघाला, तेव्हा सुंदररावांनी तिथल्या दोन लेन उचलून आणल्या होत्या. बीड जिल्ह्यातल्या पोरांनी जन्मभर क्रिकेटच खेळायचं काय, असं ते भाषणात म्हणत. ढाब्यावरची मंडळी गालातल्या गालात हसत होती. गोट्या खेळायला एवढी मोठी खोली काहून बांधली, असं एकमेकांना विचारत होती, आणि उद्घाटनाला जेवण आहे हे कळल्यावर सगळे जाणारही होते.

मशीन त्या लेनसोबत आलेलं. केर ओढायचंच, पण घरातल्यासारखं नव्हे. साठ-पासष्ट सालचं, अमेरिकेत घडवलेलं, फक्त बोलिंगच्या लेन साफ करण्यासाठी. हिरव्या रंगाचं जाड लोखंड, घासून घासून अक्षरं गेलेली पितळी पट्टी, आणि पुढे बरोबर लेनच्या रुंदीचं साडेतीन फुटी चपटं तोंड. तोंडाच्या कडेने लोकरीची जाड पट्टी शिवलेली, लाकडाला ओरखडा जाऊ नये म्हणून. मागे कॅनव्हासची पिशवी. ती गच्च भरलेली होती, आणि तिचा चाप कसा उघडतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून ती कधी रिकामी झालीच नव्हती. कुठल्या कुठल्या माणसांच्या पायांची किती वर्षांची धूळ तिच्यात होती कोण जाणे.

आश्रुबाने मोटार तेवढी काढून घेतली आणि मशीन परत पाठवलं. मोटार उघडली तर आतल्या दांड्याला केस गुंडाळलेले होते. लांब, बायकांचे, काळे-पांढरे. असल्या मशीनमध्ये केस जायचेच, त्यात नवल काही नाही. तरी ते ब्लेडने कापताना त्याचा हात सावकाश चालला. कापलेले केस त्याने फेकले नाहीत, कागदाच्या पुडीत बांधून फळीवर ठेवले. का ठेवले, ते त्याला सांगता आलं नसतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, एका बुधवारी, मोटार बसवायला जायचं ठरलं. एप्रिल महिना, तारीख तेवीस. ही तारीख आश्रुबाने मुद्दाम निवडली नव्हती, पण टाळलीही नव्हती. चार वर्षांपूर्वी याच तारखेला त्याची बायको वनमाला घरातून गेली होती. लेक धनश्री पुण्याला असते, तिचा सकाळी फोन आला. दोघांनी उन्हाची चौकशी केली, जेवणाची चौकशी केली, आणि जे बोलायचं होतं ते न बोलता फोन ठेवला. मग त्याने मोटार गोणपाटात गुंडाळून स्कूटीवर पायाशी ठेवली, घराला कुलूप लावण्याआधी आतल्या खोलीच्या बंद दाराकडे वळून, रोजच्यासारखं म्हटलं,

"मांजरसुंब्याला जाऊन येतो."

बंद दाराशी बोलायची ही सवय त्याला चार वर्षांपासून लागली होती. घरात दुसरं कोण होतं बोलायला? त्या खोलीला त्याने बाहेरून कडी घातली होती ती घातली होती. आजारपणात घरातले शेवटचे आठ दिवस वनमाला तिथे एकटी होती. तो दाराबाहेर ताट ठेवायचा, ती ते आत ओढून घ्यायची, आणि खोकला थांबला की दाराआडून विचारायची की तुमी जेवलात का.

मग गाडी आली. पांढऱ्या पोशाखातल्या माणसांनी तिला चालवत नेलं. त्यांच्यातला एक जण जाता जाता म्हणाला की खोली लगेच झाडून, फिनेलने धुऊन घ्या. त्या दिवसांत माणूस इतका भेदरलेला होता की कुणी काही सांगितलं की करून मोकळा व्हायचा. आश्रुबाने केरसुणी घेतली आणि झाडायला लागला. उंबऱ्यापर्यंत झाडत आला, अंगणात आला, आणि मान वर केली तर गाडी अजून कोपऱ्यावरच होती. काचेतून वनमाला मागे वळून पाहत होती. त्याच्याकडे नव्हे. त्याच्या हातातल्या केरसुणीकडे.

वनमाला माहेरची धारूरची. डोंगरातली माणसं रीतभात सोडत नाहीत. घरातून कुणी गावाला निघालं की मागोमाग केर काढायचा नाही, हे तिचं लग्नापासूनचं. धनश्री सासरी गेली त्या दिवशी तर सांजेपर्यंत मांडवातला कचरा तिने कुणाला उचलू दिला नव्हता. गेलेल्या माणसाची परतायची वाट झाडली जाते, असं ती म्हणायची. आणि तिच्याच मागे नवऱ्याने अंगण झाडलं. पाचव्या दिवशी बीडच्या दवाखान्यात तिने प्राण सोडला. तिथेच सगळं उरकलं. गाव बंद, रस्ते बंद. एरवी माणूस गेलं की त्याच्या जागी पीठ पसरतात, मध्ये दिवा लावतात, वरून टोपली झाकतात आणि दुसऱ्या दिवशी पिठात काय उमटलं ते बघतात. गाईचं खूर, पाखराची नखं, लेकराचं पाऊल. गेलेला कुठे पोचला ते कळतं आणि मागे राहिलेल्याला झोप लागते. वनमालासाठी कुणी पीठ मांडलं नाही. आश्रुबाला तेवढंच कळायला हवं होतं की ती पोचली का. की त्याने झाडलेल्या वाटेवर अजून कुठे उभी आहे.

हॉटेलवर पोचला तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. परमेश्वर घाईत होता, त्याला पूजेचं साहित्य आणायला बीडला जायचं होतं. वाढप्यांना उद्याच्या धावपळीसाठी आज सुट्टी दिलेली. त्याने मागच्या खोलीची किल्ली आश्रुबाच्या हातात ठेवली, आणि काका, मशीन चालू झालं की दोन्ही लेन आरशासारख्या करून ठेवा, साहेब संध्याकाळी बघायला येणार आहेत, असं सांगून तो निघून गेला.

खोलीत शिरल्यावर आश्रुबाच्या नाकात आधी नव्या रंगाचा वास गेला आणि त्यामागून फिनेलचा. बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत मात्र दिवे लावल्याशिवाय हातही दिसेना. त्याने दिवे लावले. दोन लेन समोर पसरल्या होत्या. एक प्लॅस्टिकने झाकलेली, दुसरी उघडी. उघड्या लेनच्या पार टोकाला पिना उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे काळा खड्डा. तिकडे दार नव्हतं. आत यायला-जायला एकच दार, तो आला ते.

दीड तास त्याने निवांत काम केलं. मोटार बसवली, तारा जोडल्या, पिवळ्याला पिवळी, काळ्याला काळी. दोन्ही बाजूंचे कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या त्या बोटाच्या पेराएवढ्या कांड्या, घासून बसवले. त्याशिवाय असली मोटार जागची हलत नाही. मशीन लेनच्या सुरुवातीला आणून त्याचं तोंड पिनांकडे केलं आणि बटण दाबलं.

आवाज चांगला निघाला. आश्रुबाने आपल्या सवयीप्रमाणे लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक बेअरिंगवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मोटार आतून कशी बोलते ते असंच ऐकायचं असतं. खरखर असेल तर बेअरिंग गेलं, टकटक असेल तर काहीतरी ढिलं. तो ऐकत राहिला. आधी नुसती घुमणारी मोटार ऐकू आली. मग तिच्या आत, खोल कुठेतरी, दुसरंच काही. सळ्... सळ्... सळ्. एका लयीत. जमिनीवरून केरसुणी फिरते तसं.

त्याने मूठ कानाला आणखी दाबली. चाळीस वर्षांत त्याने असा आवाज मोटारीत ऐकला नव्हता, आणि तरीही तो त्याच्या चांगला ओळखीचा होता. किती वेळ गेला कळलं नाही. मग दिवे गेले.

मोटार उतरत उतरत थांबली. सळ्... सळ्... मात्र आणखी दोनदा आलं. मग तेही थांबलं.

अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते समजेना. फक्त मागे दाराखाली उन्हाची एक बारीक रेघ होती. आश्रुबाने मोबाईलची बॅटरी लावली आणि समोर धरली. आणि त्याला पहिल्यांदा दिसलं की पिशवी रिकामी होऊन लोंबते आहे. मशीनने केर ओढलाच नव्हता. आतलं सगळं पुढच्या तोंडातून बाहेर फेकलं होतं. साठ फूट लेनवर, या टोकापासून पार पिनांपर्यंत, बारीक फिकट धूळ पसरली होती. चाळणीने चाळून टाकावी इतकी सारखी. गिरणीत सगळ्या वस्तूंवर पीठ बसलेलं असतं, तशी.

तारा उलट्या जोडल्या गेल्या, हे त्याच्या मनात आधी आलं. त्याला स्वतःची लाज वाटली. आजच्या दिवशी डोकं ठिकाणावर नव्हतं, दुसरं काय. त्याने झाकण काढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. पिवळ्याला पिवळी. काळ्याला काळी. जोडणी अगदी बरोबर होती. आणि खरं सांगायचं तर मोटार उलटी फिरली असती तरी असला पंखा एवढा केर बाहेर फेकत नसतो, हेही त्याला माहीत होतं.

त्याने परमेश्वरला फोन लावला. परमेश्वर बीडच्या बाजारात होता. लाईट पाचपर्यंत येणार नाही, लाईनचं काम आहे, जनरेटरची जोडणी अजून व्हायची आहे, काका तुमी बसा आरामात, असं तो म्हणाला. आश्रुबाने धुळीचं काही सांगितलं नाही. मोबाईल वीस टक्क्यांवर आला होता म्हणून बॅटरी बंद केली आणि बाकावर बसून राहिला. बाहेर सावलीला जाऊन बसता आलं असतं. पण का कोण जाणे, त्याला उठवेना. अंधारात आता फिनेलचा वास नव्हता. पिठाचा होता. सकाळी परातीत पीठ घेतल्यावर येतो तो.

पिनांच्या बाजूला काहीतरी वाजलं.

टक्. अगदी हलकं. लाकडावर धातू टेकल्यासारखं. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्... टक्. आश्रुबाच्या अंगावर काटा आला. जोडवी घातलेली बाई शेणाने न सारवलेल्या, टणक जमिनीवर चालली की असाच आवाज येतो. धनश्रीने घरात फरशी घातली तेव्हापासून वनमाला स्वयंपाकघरात कुठे उभी आहे ते त्याला ओसरीवर बसून कळायचं.

"कोन हाय?"

त्याने बॅटरी लावली.

पिनांपासून लेनच्या मध्यापर्यंत धुळीत पावलं उमटली होती. अनवाणी, बाईची, त्याच्याकडे येणारी. लेनच्या मधोमध दोन्ही पाय शेजारी शेजारी टेकले होते आणि तिथे ती थांबली होती. पुढे धूळ कोरी होती. वर कुणी उभं नव्हतं. उजव्या पावलाला अंगठ्याशेजारचं बोट उमटलेलं नव्हतं.

आश्रुबाने ते पाऊल ओळखलं. लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी ऊस तोडताना वनमालाच्या त्या बोटावर कोयता बसला होता. बोट वाचलं, पण आखडलं ते कायमचं. जमिनीला ते कधी टेकायचं नाही. सारवलेल्या अंगणात तिचं चार बोटांचं पाऊल उमटलं की तो तिला चिडवायचा, आणि ती म्हणायची, बरं हाय, हरवले तर पावलावरून हुडकता तरी येईल.

"धनेची माय..." तो म्हणाला. "तूच हायस ना?"

त्याने बॅटरी त्या दोन पावलांवर धरली.

"मी झाडलं गं तुझ्या मागं. त्या मान्सानं सांगितलं अन् मी... गाडी अजून कोपऱ्यावर होती. तू बगितलंस. मला म्हाईत हाय तू बगितलंस." तो रडत होता आणि पुसतही नव्हता. "लई चुकलं माजं."

त्याने बॅटरी बंद केली. उजेडात ती येत नव्हती, एवढं त्याला कळलं होतं. अंधारात तो श्वास धरून बसला. टक्. एकदाच. त्याने पुन्हा उजेड केला. एक पाऊल पुढे पडलं होतं. एकच. दुसरा पाय अजून मागेच, टाच उचललेली. निघावं की नाही असं मनात असलेलं माणूस उभं राहतं तसं.

भीती नव्हती असं नाही. पाय गार पडले होते. पण भीतीपेक्षा दुसरीच गोष्ट मोठी होती. चार वर्षांत त्याच्या एका शब्दाला कुणी पहिल्यांदा काही उत्तर दिलं होतं. त्याने पुन्हा अंधार केला, पुष्कळ वेळ वाट पाहिली, हाका मारल्या. पाऊल हललं नाही. आणि मग त्याला वाटलं की पीठ पसरलं गेलं, पण दिवा कुठे आहे? दिवा नाही, टोपली नाही. रीत अर्धीच झाली, म्हणून ती अर्ध्यावर थांबली. वनमालाला अर्धी रीत कधी चालली नसती.

दिवा घरी होता. तिचीच पणती, आतल्या खोलीच्या फळीवर, शेजारी टोपली. नेकनूर बारा किलोमीटर. जाऊन-येऊन तास. परमेश्वर आला तरी लाईट पाचशिवाय येत नाही, तोवर मशीन चालायचं नाही. तरी एकदा भाजलेला माणूस होता तो. त्याने मशीनच्या दोन्ही बाजूंचे कार्बन काढले आणि शर्टाच्या खिशात घातले. आता वीज आली तरी ते लोखंड मुकंच राहणार होतं. आणि मशीनवाचून दुसऱ्या कशाने लेन साफ करायची नाही, तिच्यावरचं तेल बिघडतं, अशी सुंदररावांची सगळ्यांना सक्त ताकीद होती.

निघताना तो लेनजवळ वाकला.

"इथंच थांब. दिवा घेऊन येतो. कोनी झाडनार न्हाई."

दारातच बसवलेल्या कुलपात किल्ली फिरवली आणि तीही खिशात टाकली. रस्त्यावर उन्हाने डांबर मऊ झालं होतं. स्कूटी जेवढी पळेल तेवढी त्याने पळवली. वाटेत ओळखीच्या दोघांनी हात केला, त्याने पाहिलं नाही. पावणेतीनला तो घरात होता.

आतल्या खोलीची कडी गंजली होती. पक्कडीने ठोकल्यावर सरकली. दार ढकललं तशी कोंडलेली हवा अंगावर आली, आणि तिच्यात पिठाचा वास होता. खिडकी बंद, कौलातल्या काचेतून पडलेला उजेडाचा एक चौकोन जमिनीवर. चार वर्षांची धूळ फरशीवर साचली होती. आश्रुबाने पाय आत टाकायला उचलला आणि तसाच मागे घेतला.

धुळीत पावलं होती. जिथे तिची खाट होती त्या कोपऱ्यातून निघून दारापर्यंत आलेली. उजव्याला एक बोट कमी. कडा इतक्या रेखीव की त्यांच्यावर धुळीचा नवा कणही बसला नव्हता. आजची होती ती. उंबऱ्याशी शेवटचं पाऊल होतं, त्याची टाच दाराच्या आत आणि बोटं दाराच्या बाहेर. कडी घातलेल्या दारातून, मध्येच, असं. बाहेरच्या फरशीवर पुढे ती त्याच्या स्वतःच्या सकाळच्या पावलांमध्ये मिसळून गेली होती, त्याच्या मागे मागे, अंगणाकडे.

आत येणारं पाऊल एकही नव्हतं.

तो दाराची चौकट धरून उभा राहिला. ती कुठे गेलीच नव्हती. तिची वाट वगैरे काही झाडली गेली नव्हती. चार वर्षं ती या दाराच्या पलीकडे बसून होती आणि तो अलीकडे एकटा भाकरी खात होता. तो रोज सांगायचा, जाऊन येतो, आणि ती ऐकत होती. कडी काढली असती तर पुरलं असतं. पिठाची, दिव्याची, कशाची गरज नव्हती. आज, तिच्या दिवशी, तिचा धीर सुटला असेल आणि ती त्याच्या मागोमाग निघाली असेल. आणि तो तिला त्या अंधाऱ्या खोलीत, परक्या माणसांच्या धुळीत, कुलूप घालून ठेवून आला होता.

खिशात फोन वाजला. परमेश्वर होता.

"काका, दार उगडा की. कवाचा वाजवतोय. साहेब बी आज लवकर येनार हायेत."

"मी घरी हाय," आश्रुबा म्हणाला. "नेकनूरला."

परमेश्वरच्या मागून, फोनमधून, लांबून, एक घुमणारा आवाज येत होता.

"मंग आत कोन हाय?" परमेश्वरचा आवाज खाली आला होता. "मशीन चालू हाय काका... पार्किंगपर्यंत आवाज येतोय. अन् लाईट तर न्हाई."

"उगडू नगंस," आश्रुबा ओरडला. "आत जाऊ नगंस. तसंच ऱ्हाऊ दे."

पण परमेश्वरकडे दुसरी किल्ली होती आणि ती त्याने आधीच लावली होती. कुलूप निघाल्याचा आवाज आला, दार सरकल्याचा आवाज आला. घुमणं एकदम वाढलं, आणि मग उतरत उतरत थांबलं. त्याच्यानंतर दोनदा, अगदी स्पष्ट, सळ्... सळ्.

"आत कोनीच न्हाई," परमेश्वर म्हणाला. त्याचा श्वास लागला होता. "लेन... लेन तर एकदम चकाचक हाय काका. तोंड दिसतंय तिच्यात."

"पावलं? मधी पावलं होती..."

"कसली पावलं? काईच न्हाई. नुसती पिशवी फुगलीय." तो थांबला. "लई जड झालीय ही. एवढी कशी जड झाली? अन् काका... गरम हाय. मान्साच्या अंगावानी."

आश्रुबाच्या हातातून फोन निसटून धुळीत पडला. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला. किल्ली होती. दोन्ही कार्बन होते. आणि ते इतके तापलेले होते की त्याची बोटं भाजली.